ऑपरेशननंतरचं इन्फेक्शन आणि स्टाफची सेफ्टी: चूक मशीनची की माणसाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि तिकडं पलीकडून चंदगड, गडहिंग्लजची पण माणसं ऑपरेशनला बेळगावातच येतात, त्यामुळं पेशंटचे नातेवाईक, नर्सिंगच्या मुली, ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियनची पोरं सगळी मिळून तेच तेच प्रश्न विचारत असतात. मी आधी ओटीत आणि नंतर इन्फेक्शन कंट्रोलला काम केलेली सिस्टर. एकदाच सगळं लिहून ठेवते म्हणजे लिंक पाठवली की झालं.

टाक्यात पू झाला म्हणजे ओटीत काहीतरी घाण होती ना?

दरवेळी नाही. जखमेत सापडणारे जंतू बऱ्याचदा पेशंटच्याच अंगावरचे असतात, नाकातले, कातडीवरचे स्टॅफिलोकोकस किंवा आतड्याचं ऑपरेशन असेल तर आतड्यातलेच ई. कोलाय. त्यात शुगर वाढलेली, तंबाखू-विडीची सवय (निपाणी साइडला हे सांगावं लागत नाही), रक्त कमी, वजन जास्त, असं असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतूंना आयती संधी मिळते. म्हणजे सगळं नीट करूनही काही जणांना इन्फेक्शन होतंच, हे आधी मान्य करायचं. पण म्हणून प्रत्येक पू "पेशंटच्या शुगरमुळे" असं सांगून मोकळं होणं पण बरोबर नाही, आणि ते आपल्याकडं फार चालतं.

किती दिवसांत झालं तर ते ऑपरेशनचं इन्फेक्शन धरतात?

३० दिवस. आत रॉड, प्लेट, सांधा, जाळी असं काही बसवलं असेल तर बऱ्याच ऑपरेशनना ९० दिवसांपर्यंत धरतात. आता गंमत बघा, पेशंट चौथ्या-पाचव्या दिवशी घरी जातो, कणकुंबी नाहीतर चंदगडच्या आतल्या गावात, तिथं आठव्या दिवशी टाका लाल होतो, गावातला डॉक्टर टाका मोकळा करतो, पू काढतो, गोळ्या देतो, पेशंट बरा होतो आणि हॉस्पिटलच्या रजिस्टरला त्या महिन्याचं इन्फेक्शन शून्य! मग मीटिंगमध्ये टाळ्या. जे हॉस्पिटल पेशंटला घरी गेल्यावर फोन करतंय त्याचा आकडा नेहमी जास्त येणार, आणि माझा विश्वास त्याच्यावरच जास्त.

ऑटोक्लेव्ह (वाफेनं सामान जंतुमुक्त करायचं मशीन) नवीन आहे, मग काय टेन्शन?

खंडेनवमीला ऑटोक्लेव्हला हार घालतात, कुंकू लावतात, मला पण आवडतं ते, पण त्याच मशीनच्या टेस्टिंग स्ट्रिप संपल्या म्हणून इंडेंट (मागणीचा कागद) टाकला की स्टोअर म्हणणार पुढच्या महिन्यात बघू. नवीन मशीन पण नीट चाललं का नाही ते तपासल्याशिवाय कळत नसतंय.

पॅकवरची पट्टी काळी झाली म्हणजे सामान स्टराइल (पूर्ण जंतुमुक्त) झालं असं अर्ध्या लोकांना वाटतं. ती पट्टी फक्त एवढंच सांगते की हा पॅक मशीनमध्ये जाऊन आलाय. आत वाफ पोचली का, तेवढा वेळ राहिली का, हे बघायला पॅकच्या आत इंडिकेटर ठेवावा लागतो. व्हॅक्युमवालं मशीन असेल तर रोज सकाळी पहिल्या लोडच्या आधी रिकाम्या मशीनमध्ये बोवी-डिक टेस्ट (आतली हवा नीट निघून वाफ सगळीकडं पोचते का ते बघायची), आणि आठवड्यातून निदान एकदा जिवंत स्पोअरची टेस्ट, जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस नावाचा चिवट जंतू असतो, तो मेला तर बाकीचे मेले असं धरायचं. इम्प्लांटच्या (अंगात बसवायच्या रॉड-प्लेटच्या) प्रत्येक लोडला ही टेस्ट हवी.

आकडे पाठ असू देत: गुंडाळलेल्या पॅकला साध्या मशीनमध्ये १२१ डिग्रीला ३० मिनिटं, व्हॅक्युमवाल्यात १३४ डिग्रीला ३ ते ४ मिनिटं. आणि हे वेळ मोजणं तापमान गाठल्यावर चालू करायचं, बटण दाबल्यावर नाही.

इथं आपल्या गावाची एक खास गोष्ट, जी पुस्तकात ठळक लिहिलेली नसते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे, इथं हवेचा दाब कमी, त्यामुळं जुन्या उभ्या ऑटोक्लेव्हच्या गेजवर १५ पाउंड दिसलं तरी आतलं तापमान १२१ च्या डिग्री-दीड डिग्री खालीच राहतं. म्हणून नुसतं प्रेशरच्या काट्यावर भरवसा ठेवू नका, थर्मामीटर बघा, नसेल तर काटा थोडा वर न्या नाहीतर वेळ वाढवा, पण ते स्वतःच्या मनानं नाही, स्ट्रिप टाकून बघून.

मग ऑटोक्लेव्हमध्ये माणसाची चूक नेमकी कुठं होते?

सगळीकडं, हो. सामान भरायचे जुने भोकांचे ड्रम अजून आहेत बऱ्याच ठिकाणी, त्यांची भोकं आत घालताना उघडी आणि बाहेर काढल्यावर लगेच बंद करायची असतात, हे उलटं झालं की आत वाफ जात नाही किंवा बाहेर काढल्यावर धूळ जाते. मग ओव्हरलोड, पाच केसचं सामान एका फेरीत कोंबायचं कारण सर म्हणतात लवकर. मग लाईट जाणं. सायकल अर्ध्यात असताना करंट गेला आणि दहा मिनिटांनी आला तर "राहिलेली दहा मिनिटं" असं काही नसतंय, पहिल्यापासून चालू करायचं.

आणि पावसाळा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, जुलैत कापड वाळतच नाही, ओलसर लिननचे (ओटीच्या कपड्यांचे) पॅक मशीनमध्ये जातात आणि ओलेच बाहेर येतात. ओला पॅक म्हणजे अनस्टराइल पॅक, विषय संपला, ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. आता इथं चूक मावशीची म्हणायची का? ज्या हॉस्पिटलनं ड्रायर घेतला नाही, जादा लिननचा सेट घेतला नाही, तिथं जुलैत कुठलीही मावशी असली तरी तेच होणार.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष कशाकडं होतं?

धुण्याकडं! आर्टरीच्या (रक्तवाहिनी धरायच्या चिमट्याच्या) सांध्यात वाळलेलं रक्त असेल तर वाफ त्याच्या आत पोचत नाही, खरकटं भांडं नुसतं तापवून ठेवल्यासारखं ते. केस संपली की सामान लगेच ओलं ठेवायचं, एन्झाइमच्या पाण्यात, सांधे उघडून, नळीच्या आतून ब्रश घालून. आणि पाणी चांगलं हवं, बोअरचं जड पाणी असलं की हत्यारांवर पांढरा थर बसतो आणि त्या थराखाली घाण लपते. ही सगळी कामं हॉस्पिटलात सगळ्यात कमी पगाराचा माणूस करतो, ट्रेनिंग शून्य, आणि इन्फेक्शन वाढलं की मीटिंगला त्याला बोलवत पण नाहीत, नुसता मेमो.

लॅप्रोस्कोपीनंतर (पोटाला भोकं पाडून दुर्बिणीनं केलेल्या ऑपरेशननंतर) दीड-दोन महिन्यांनी भोकाच्या जागी गाठ आली, पाणी येतंय, टीबी म्हणाले. हे काय?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर. टाके छान भरतात, सगळे खूश, आणि काही आठवड्यांनी बेंबीजवळच्या जागेवर गाठ, त्यातून पातळ पाणी, साध्या अँटिबायोटिकनं बरं होत नाही. बऱ्याचदा हे टीबीच्याच कुळातले दुसरे जंतू असतात, मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, चेलोनी असे, आणि ते राहतात नळाच्या पाण्यात. टीबीची नेहमीची औषधं त्यांच्यावर चालतील असं नाही, म्हणून पाणी किंवा गाठीचा तुकडा कल्चरला (कुठला जंतू आहे ते लॅबमध्ये वाढवून बघायला) पाठवा म्हणून डॉक्टरांच्या मागं लागा.

कसं होतं ते सांगते. एका दिवसात चार-पाच लॅप्रोस्कोपी, सेट एक नाहीतर दोन, दोन केसच्या मधे सामान ग्लुटराल्डिहाइडमध्ये, म्हणजे आपण सायडेक्स म्हणतो त्यात, २० मिनिटं बुडवायचं. २ टक्क्याच्या सोल्युशनमध्ये २० मिनिटांत बहुतेक जंतू मरतात पण ते स्टरिलायझेशन नव्हे, पूर्ण स्टराइल व्हायला १० तास लागतात. त्यात सोल्युशन चौदा दिवसांचं, ते ओढून ओढून महिनाभर चालवलेलं, टेस्ट स्ट्रिप लावत नाहीत. आणि वर ते सामान धुतलं कशात? साध्या नळाच्या, नाहीतर नुसत्या उकळून गार केलेल्या पाण्यात. झालं, जिथून जंतू काढले तिथंच परत घातले. आता सांगा ही मशीनची चूक का माणसाची? मी म्हणीन ही सेट कमी घेण्याची चूक आहे, आणि सेट किती घ्यायचे ते ठरवणारा माणूस ओटीत कधी पाय ठेवत नाही.

खरोखर मशीनचीच चूक असं कधी झालंय का?

झालंय की. २०१४-१५ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पित्तनळी तपासायच्या ड्युओडेनोस्कोप नावाच्या दुर्बिणीतून औषधांना दाद न देणारे जंतू पेशंटमध्ये गेले, माणसं दगावली. तिथल्या लोकांनी कंपनीनं सांगितल्याप्रमाणेच दुर्बीण साफ केली होती, पण तिच्या टोकाच्या हलत्या भागाची रचनाच अशी की ब्रश आत पोचत नव्हता. दुसरं, ओपन हार्टमध्ये वापरतात ते रक्त गरम-गार करायचं हीटर-कूलर मशीन, त्याच्या पाण्यातला मायकोबॅक्टेरियम चिमेरा नावाचा जंतू पंख्याच्या हवेतून उघड्या छातीपर्यंत पोचत होता आणि इन्फेक्शन काही जणांना चक्क वर्षांनी कळलं. तिथं नर्सनं कितीही हात धुवू देत, काय उपयोग.

आणि लांब कशाला जायचं, नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याच कर्नाटकात बळ्ळारीला सिझेरियननंतर बाळंतिणी दगावल्या तेव्हा संशय सलाईनवर आला आणि सरकारनं त्या कंपनीचं सलाईन वापरणं थांबवलं. म्हणून बॅच नंबर लिहून ठेवायची सवय कंटाळवाणी वाटली तरी सोडू नका, नंतर शोधायला तोच एक धागा असतो.

लॅमिनार फ्लोवाली (गाळलेल्या हवेचा एकसारखा झोत सोडणारी) ओटी असलेलं हॉस्पिटलच निवडू का?

नको तेवढ्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ च्या गाइडलाइनमध्ये सांधे बदलायच्या ऑपरेशनला सुद्धा इन्फेक्शन कमी करायला लॅमिनार फ्लो वापरू नका असं सुचवलंय, साध्या चांगल्या व्हेंटिलेशनपेक्षा फायदा दिसला नाही म्हणून. ओटीत तासाला २० वेळा हवा बदलली पाहिजे आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त पाहिजे, हे खरं. पण दर दोन मिनिटांनी कुणीतरी दार ढकलून "सर फोन" म्हणत आत येत असेल तर तो दाब राहतोय कुठं. दार बंद ठेवायला पैसे लागत नाहीत आणि उद्घाटनाची पाटी पण लावता येत नाही त्याला, म्हणून कुणाला इंटरेस्ट नाही.

फॉगिंग केलं की ओटी सुरक्षित?

फॉर्मलीनचा धूर मारून शनिवार-रविवार ओटी बंद ठेवायचे दिवस गेले पाहिजेत. फॉर्मल्डिहाइडनं कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे, स्टाफच्या डोळ्यांची-घशाची वाट लागते, आणि नीट पुसून घेतलेल्या ओटीपेक्षा जास्त काही मिळत नाही. पुसा.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री वस्तरा मारतात, ते बरोबर का?

चूक. वस्तऱ्यानं बारीक जखमा होतात, त्यात रातभर जंतू वाढतात. केस अडचणीचे नसतील तर काढूच नका, काढायचेच तर क्लिपरनं (केस कापायच्या छोट्या मशीननं). गावाकडं अजून हे सर्रास चाललंय.

अँटिबायोटिक आधी देतात ते कशाला, आणि नंतर सात दिवस का?

आधीचं फार महत्त्वाचं, नंतरचं बहुतेकदा नाही. चिरा देताना औषध त्या जागी हजर पाहिजे, म्हणून साधारण तासाभरात आधी द्यायचं (जागतिक गाइडलाइन १२० मिनिटांच्या आत म्हणते, औषध किती वेळ टिकतं त्यावर ठरतं). वॉर्डात सकाळी सहाला सगळ्यांना एकदम इंजेक्शन देऊन टाकलं आणि केस लागली अकराला, तर ते दिल्यासारखं नाहीच. साध्या स्वच्छ ऑपरेशनला नंतर सात दिवस इंजेक्शन चालू ठेवून इन्फेक्शन कमी होत नाही, औषधांना न जुमानणारे जंतू तेवढे वाढतात. पण सात दिवसांचं लिहून दिलं नाही तर पेशंटची माणसंच म्हणतात "औषधच दिलं नाही री डॉक्टरनी", मग डॉक्टर पण देतात.

ती सर्जिकल चेकलिस्ट (ऑपरेशनच्या आधी-नंतर तपासायची यादी) म्हणजे नुसती कागदाची भर ना?

२००९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत, त्यात एक दिल्लीचं होतं, ही १९ मुद्द्यांची चेकलिस्ट वापरून बघितली तर मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले आणि कॉम्प्लिकेशन ११ वरून ७ वर. सगळ्या ठिकाणी नंतर इतका फरक दिसला असं नाही, आणि कारण उघड आहे, संध्याकाळी स्टाफरूममध्ये बसून एकटी सिस्टर सहा पेशंटच्या टिका मारत असेल तर ती चेकलिस्ट नव्हे, होमवर्क.

आपल्याकडं अजून एक भानगड. सर्जन कन्नड बोलणारे, अनेस्थेशियाचे डॉक्टर इंग्लिशमध्ये, सिस्टर केरळची, मावशी खानापूरची मराठी आणि पेशंट चंदगडचा. "डावा का उजवा" हे तीन भाषांतून फिरून येतं. तेव्हा एकदा सगळ्यांनी थांबून, मोठ्यांदा, पेशंटचं नाव, बाजू, अँटिबायोटिक दिलं का, हे बोलणं इथं दुप्पट गरजेचं. कुणी हसलं तर हसू दे.

सुई टोचली तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

जागा दाबून पिळून रक्त काढू नका, तोंडात बोट घालू नका, ब्लीच-स्पिरिट ओतू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा. डोळ्यात उडालं असेल तर नुसत्या पाण्यानं भरपूर. मग लगेच सांगा. रात्रीचे दोन असले तरी सांगा.

घाबरण्याआधी आकडे: एचआयव्हीच्या पेशंटची सुई टोचली तर लागण व्हायची शक्यता साधारण ०.३ टक्के. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर तीच ६ ते ३० टक्के. लोक भितात एचआयव्हीला आणि लस राहते हिपॅटायटिस बीची! एचआयव्हीसाठी पीईपीच्या (लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या) गोळ्या शक्यतो २ तासांत चालू करायच्या, ७२ तासांनंतर फायदा नाही, कोर्स २८ दिवसांचा, मधे सोडायचा नाही. रक्त त्याच दिवशी, मग सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने. हिपॅटायटिस सीला लस नाही आणि आधीच घ्यायची गोळी पण नाही, टेस्ट करत राहायचं, झालाच तर आता औषधांनी बरा होतो.

बऱ्याच मुली सांगतच नाहीत, "ओरडतील", "लग्न ठरलंय", "घरी कळेल" म्हणून. एका ठिकाणी सुई टोचल्याचं सांगायला आलेल्या मुलीला इन्चार्जनी आधी विचारलं, वापरलेल्या सुईला परत कॅप का लावत होतीस? त्यानंतर त्या वॉर्डातून कित्येक दिवस एक रिपोर्ट आला नाही. सुया टोचायच्या थांबल्या नव्हत्या.

सेफ्टी सुया घेतल्या तर हे थांबेल, का ट्रेनिंगच हवं?

इथं मी मशीनच्या बाजूनं आहे. आपोआप आत जाणारी सुई, हातापाशी असलेला हब कटर (वापरलेली सुई कापून टाकायचं यंत्र), न टोचणारा पांढरा डबा, हे शंभर लेक्चरपेक्षा चालतं. डबा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर दमलेला माणूस रात्री तीनला कॅप लावणारच, त्याला शिव्या देऊन काय होणार? डबा पाऊण भरला की बदलायचा, दाबून बसवायचा नाही. ओटीत टाक्याच्या सुया जास्त टोचतात, तिथं हत्यार हातात न देता मधे ट्रेमध्ये ठेवायचं आणि डबल ग्लोव्ह घालायचे, आतल्या ग्लोव्हला भोक पडायचं प्रमाण खूप कमी होतं.

कचरा उचलणाऱ्या मावशीला लस कोण देणार? ती तर कॉन्ट्रॅक्टवर.

हॉस्पिटल देणार. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमात स्पष्ट आहे, कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही हॉस्पिटल चालवणाऱ्याची जबाबदारी, कॉन्ट्रॅक्टर-बिंट्रॅक्टर काही नाही. लसीचे तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी १० च्या वर आल्या का ते बघायचं. पिवळ्या पिशवीत चुकून गेलेली सुई सर्जनला नाही, तिलाच टोचणार असते.

कॉटरीचा (विजेनं कातडी कापायच्या-जाळायच्या यंत्राचा) धूर आणि सी-आर्मचे (ओटीतल्या फिरत्या एक्स-रे मशीनचे) एक्स-रे, खरंच धोका आहे का?

धुरात बेंझीनसारखी रसायनं असतात, विषाणूचे अंश पण सापडलेत. साधा सर्जिकल मास्क त्याला अडवत नाही, सक्शनची नळी कॉटरीच्या टोकाजवळ धरा, फुकटातला उपाय आहे. सी-आर्मला लेड अॅप्रन, थायरॉईड कॉलर आणि अंगावर पडलेलं रेडिएशन मोजायचा बॅज. बॅज अॅप्रनच्या आतून छातीवर, आणि तो लॉकरमध्ये ठेवून रिपोर्ट शून्य आणू नका, काही लोक करतात असं. स्टाफसाठी रेडिएशनची मर्यादा पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही.

पेशंटच्या घरच्यांनी काय करायचं?

डिस्चार्ज कार्ड कन्नड किंवा इंग्लिशमध्ये मिळेल. वाचता येत नसेल तर लाजू नका, "सिस्टर, मराठीत सांगा की" म्हणा, बहुतेकजणी सांगतात. ड्रेसिंग कधी बदलायचं, आंघोळ कधी, टाके कधी काढायचे, कुठल्या नंबरला फोन करायचा, हे चार प्रश्न मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. जखमेवर हळद, खोबरेल, राख, अंगारा काही नाही. शुगर सांभाळा. लाली वाढली, पाणी-पू आलं, ताप आला, टाका सुटला तर गावात दाखवलंत तरी ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलला फोन करून कळवा, नाहीतर त्यांचं रजिस्टर शून्यच राहणार. आणि भेटायला येणाऱ्या दहा जणांना पेशंटच्या कॉटवर बसवू नका, पाहुण्यांना राग आला तर येऊ दे.

आम्हाला वाटतंय हॉस्पिटलची चूक आहे, आता कुठं जायचं?

आरडाओरडा, तोडफोड नको, त्यात कागद गायब होतात. आधी केसपेपरची कॉपी लेखी मागा, मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असते. त्यात अँटिबायोटिकची वेळ, चेकलिस्ट, इम्प्लांटचा स्टिकर आणि कल्चरचा रिपोर्ट आहे का बघा. खाजगी हॉस्पिटल असेल तर कर्नाटकात केपीएमई (खाजगी दवाखान्यांच्या) कायद्याखाली जिल्ह्याची तक्रार निवारण समिती आहे, अध्यक्ष जिल्हाधिकारी, कागदपत्रं डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) ऑफिसला द्यायची. अर्ज मराठीत लिहिला तर सोबत कन्नड कॉपी जोडा, फाइल लवकर हलते.